‘बोर्ड गेला’ म्हणून परत आलेला लॅपटॉप: दुरुस्तीच्या नोंदी, जुलै २०२४

शनिवार, ६ जुलै (ठाणे)

लॅपटॉप भाचीचा. २०१९ साली घेतलेला, १५ इंची, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५ वॉटचा अडॅप्टर. वॉरंटी केव्हाच संपली. बटण दाबलं की काहीच होत नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. नेरूळला घराजवळच्या एका दुकानात दाखवला, तिथे उभ्या उभ्या उत्तर मिळालं: ‘बोर्ड गेला, साडेचौदा हजार.’ मागच्या स्क्रूंच्या खाचांत पाच वर्षांची धूळ तशीच बसलेली होती, म्हणजे तो कोणी उघडलाच नव्हता. न उघडता आणि मीटर न लावता बोर्ड गेल्याचं कोणालाही सांगता येत नाही. असंच उत्तर ऐकून कोणी साडेचौदा हजारांची जुळवाजुळव करत बसलं असेल, तर त्याच्यासाठी या नोंदी.

हत्यार हातात घेण्याआधी भाचीला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. गुरुवारी संध्याकाळी पाऊस सुरू होता. वीज गेली, आली, परत गेली, परत आली. तिचं काम चालूच होतं.

‘मग बंद कधी पडला?’

‘लगेच नाही मामा. नऊ-साडेनऊपर्यंत चालला. बॅटरी कमी आहे असं दाखवत होता, चार्जर लावलेला असूनही. मग बंद झाला तो झालाच.’

हे फार मोलाचं. वीज आल्यानंतर दोन-अडीच तास बॅटरीवर काम झालं, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, स्क्रीन सगळं त्या वेळी ठीक होतं. फक्त अडॅप्टरची वीज आत जात नव्हती. बॅटरी संपली आणि यंत्र गप्प झालं. दुकानात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

अडॅप्टर भिंतीला लावला, त्याचा हिरवा दिवा लागला. पिन लॅपटॉपमध्ये घातली, दिवा विझला. काढली, काही क्षणांनी परत लागला. माझ्याकडचा त्याच पिनचा आणि त्याच व्होल्टेजचा दुसरा अडॅप्टर लावला, तोही तसाच विझला. पिनवर मीटर धरला तर १९.६ व्होल्ट. (या पिनच्या मधोमध एक बारीक काडी असते. मीटरचं टोक आत घालताना ती काडी आणि आतली भिंत एकत्र टेकू देऊ नका.) अडॅप्टर चांगला आहे. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद होतोय.

बॅटरी काढून पॉवरचं बटण मिनिटभर दाबून ठेवायचा उपाय सगळे सांगतात. तोही केला, फरक नाही. यंत्र अर्धवट अडकलं असेल तर त्याने काम होतं, पण पिन घातल्यावर अडॅप्टरचा दिवा विझत असेल तर त्यात वेळ घालवू नये.

रविवार, ७ जुलै

बोर्डाला हात लावण्याआधी डेटा. भाचीचा एमएस्सीचा प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा आहे आणि त्याची ताजी प्रत याच डिस्कवर. पेनड्राइव्हवर होती ती मार्चची.

मागचं झाकण उघडून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. हा क्रम कधीच चुकवायचा नाही. मग एसएसडीचा एकच स्क्रू काढला. गोखले रोडवरून बाहेरचं एनव्हीएमई एन्क्लोजर, म्हणजे सुटी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडायची डबी, आणलं, ११५० रुपये. घेताना डिस्क सोबत न्यावी. दिसायला सारख्या दोन जाती असतात, एम-टू साटा आणि एम-टू एनव्हीएमई. साटाचं स्वस्त एन्क्लोजर एनव्हीएमई डिस्कला चालत नाही. मला आधी तेच दाखवलं गेलं होतं.

माझ्या संगणकाला जोडल्यावर डिस्क दिसली, पण कुलूपबंद. बिटलॉकर, विंडोजचंच डिस्कचं कुलूप. भाचीने ते कधी सुरू केल्याचं तिला आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. किल्ली ४८ अंकी, सहा-सहा अंकांचे आठ गट.

खातं उघडायला ओटीपी हवा. तो जाणार भाचीच्या जुन्या नंबरवर. ते सिम आता चिपळूणला माझ्या आईच्या फोनमध्ये आहे. आईला फोन केला तर ती नंबर सांगेना. ‘ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, अगदी तुझ्या आवाजात फोन आला तरी, असं तूच बजावलं होतंस ना?’ बरोबर आहे तिचं. शेवटी नातीने व्हिडिओ कॉल करून तोंड दाखवलं, तेव्हा आईने चष्मा लावून एकेक आकडा वाचला. फोन तिने आपल्याच हातात घट्ट धरला होता, शेजारच्या मुलाकडेही दिला नाही. मला फार बरं वाटलं.

खात्यात दोन किल्ल्या निघाल्या, एक या डिस्कची आणि एक तिच्या आधीच्या यंत्राची. स्क्रीनवर किल्लीच्या ओळखक्रमांकाचे पहिले आठ अक्षरांक दिसतात, ते जुळवून योग्य ती घ्यायची. कुलूप उघडलं. प्रबंध, प्रयोगाचे तक्ते, फोटो सगळं दोन ठिकाणी उतरवलं. किल्ली कागदावर लिहून भाचीच्या फाइलमध्ये ठेवली. खात्याचा नंबरही तिथल्या तिथे बदलून घेतला. जुनं सिम बंद झालेलं असतं आणि ओळख पटवायचा दुसरा मार्ग नसता, तर ही माहिती बदलायला ३० दिवस थांबावं लागलं असतं. महिनाअखेर निघून गेली असती.

आता बोर्डाचं काहीही झालं तरी तिचं वर्ष वाया जाणार नाही. पुढचं काम शांतपणे करता येईल.

सोमवार, ८ जुलै

आज रजा टाकून लॅमिंग्टन रोडला जायचं ठरवलं होतं. रात्रीतून मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, रुळांवर पाणी आलं, मध्य रेल्वे कोलमडली. घरीच बसून मोजमाप केलं.

बोर्ड बाहेर काढताना स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीत जागच्या जागी चिकटवले. लांब आणि आखूड स्क्रू मिसळले आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर तो बोर्डात किंवा कीबोर्डात घुसतो. प्रत्येक पायरीला फोटो.

या मॉडेलमध्ये चार्जिंगची पिन छोट्या वायरने बोर्डाला जोडलेली असते. ती वायर बोर्डावरून सोडवली आणि नुसत्या पिनमध्ये अडॅप्टर घातला. दिवा लागलेलाच राहिला. पिन आणि वायर निर्दोष, घोडं बोर्डावरच अडलंय.

मग मीटर रेझिस्टन्सवर. आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघितली: ०.२ ओहम. हा वायरींचाच, तो प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. काळं टोक स्क्रूच्या सोनेरी कड्याला, म्हणजे ग्राउंडला, लाल टोक अडॅप्टरची वीज आत येते त्या पॅडला. ०.५ ओहम. वजा जाता ०.३. इथे किलोओहममध्ये आकडा हवा. शॉर्ट पक्का.

अडॅप्टरची वीज आधी दोन मॉसफेटमधून (विजेची वाट उघड-बंद करणारे भाग) जाते आणि मग यंत्राच्या मुख्य लाइनवर येते. मॉसफेटच्या पलीकडे मोजलं तर आकडा हजारांत, अगदी निरोगी. म्हणजे शॉर्ट दाराशीच आहे, घरात नाही. बॅटरीवर अडीच तास काम कसं झालं ते आता मीटरनेही सांगितलं. या दाराशी असलेले भाग अगदी थोडे: दोन सिरॅमिक कपॅसिटर, एक संरक्षक डायोड आणि पहिला मॉसफेट. साडेचौदा हजारांच्या बोर्डावर संशयित एवढेच.

भिंगातून पाहिलं तर कनेक्टरच्या पायांशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय धरलेली. भाचीचं टेबल खिडकीला लागून आहे आणि नेरूळला पावसाळ्यात खाडीकडून येणारी हवा दमट आणि खारी असते. ९९ टक्क्यांच्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने जागा स्वच्छ केली, वाळू दिली. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट यासाठी नको, त्यात पाणी असतं. आकडा तसाच, ०.३. मळामुळे शॉर्ट असता तर सगळ्यात स्वस्तात सुटलो असतो.

गुरुवार, ११ जुलै

रबाळे एमआयडीसीतल्या मित्राकडून बेंच सप्लाय आणला, म्हणजे व्होल्टेज आणि करंट हवा तेवढा ठरवून वीज देणारं यंत्र. ज्या लाइनवर शॉर्ट आहे तिच्यात बाहेरून अगदी कमी व्होल्टेज सोडायचं. वीज शॉर्ट झालेल्या भागातूनच वाहते आणि तोच तापतो. लाइन १९.५ व्होल्टची आहे, मी १ व्होल्ट लावला आणि करंटला ३ अँपिअरची मर्यादा घातली. लाइनच्या नेहमीच्या व्होल्टेजच्या वर कधीच जायचं नाही. प्रोसेसरच्या आसपासच्या लाइन एका व्होल्टच्याही खाली चालतात, तिथे हा आकडासुद्धा जास्त ठरेल.

पहिला तास फुकट गेला. सप्लायवर जेमतेम १.२ अँपिअर दिसत होते आणि बोर्डावर काहीच तापत नव्हतं. तापत होत्या त्या क्रोकोडाइल क्लिपच्या बारीक वायरी. शॉर्टचा रेझिस्टन्स ०.३ ओहम आणि त्या स्वस्त वायरींचा त्याहून जास्त, त्यामुळे सगळी ऊर्जा वायरींतच मुरत होती. जाड वायरीचे वीतभर तुकडे कापून थेट पॅडला आणि ग्राउंडला सोल्डर केले. करंट २.६ अँपिअरवर गेला.

मग त्या चार भागांवर आयपीए सोडलं. टेबल लॅम्प तिरका धरला तर ओला भाग काचेसारखा चमकतो. सप्लाय चालू करताच दोन कपॅसिटरच्या जागी चमक एकदम विझली, बाकी सगळं ओलंच. पण दोघांपैकी कोणता? दोन्ही एकमेकांना खेटून आहेत आणि एकाची उष्णता दुसऱ्यात जाते. बोर्ड पूर्ण गार होऊ दिला. ब्रशचा एकच केस आयपीएत बुडवून दोघांच्या डोक्यावर वेगवेगळा थेंब ठेवला, खसखशीच्या दाण्याएवढा. सप्लाय चालू. उजवीकडचा थेंब आधी कडेने आक्रसला, थरथरला आणि नाहीसा झाला. डावीकडचा तसाच गोल बसून राहिला. आणखी एकदा तेच केलं, परत उजवाच.

भिंगाखाली त्या कपॅसिटरच्या कडेला केसाइतकी बारीक रेघ आहे. आधी मी तिच्यावरून नजर फिरवली होती आणि ती दिसली नव्हती, कुठे बघायचं ते कळल्यावर दिसली. सिरॅमिक कपॅसिटरला तडा गेला की आतले थर एकमेकांना टेकतात आणि तो वायरीच्या तुकड्यासारखा वागू लागतो. तडा आधीपासून होता की विजेच्या त्या ये-जा करण्यात गेला, हे आता सांगता येणार नाही.

शनिवार, १३ जुलै

सकाळी लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिमेची गाडी धरून ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारच गाठावा.

सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. बोर्डावर छापलेल्या नंबरवरून सर्किटचा नकाशा शोधला, त्यात या जागी ०.१ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, माप ०६०३ आहे. ०६०३ म्हणजे १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद. दुकानदाराने २५ व्होल्टचाही चालेल म्हणून सांगितलं. मी ५०चाच घेतला. १९.५ व्होल्टच्या दाराशी बसणाऱ्या भागाला भरपूर वाव हवा, आणि पैशात फरक नगण्य. सुटा कोणी देत नाही, पट्टी घ्यावी लागते. ४० रुपये. सोबत सोल्डरिंगला लागणारा फ्लक्स, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप आणि सीमॉसची, म्हणजे यंत्राचं घड्याळ आणि सेटिंग जपणारी, सीआर २०३२ बॅटरी.

दुपारी काम. शेजारी प्लास्टिकचा कनेक्टर आहे, गरम हवेत तो वितळतो, म्हणून त्याला आणि आजूबाजूला कॅप्टॉन टेपचे दोन थर. फ्लक्स, हॉट एअर ३५० अंशांवर, हवेचा जोर कमी. सोल्डर चमकलं की चिमट्याने उचलायचं, ओढायचं नाही. ओढला तर खालचा पॅडही सुटून येतो.

कपॅसिटर निघाला. नवा लावायच्या आधीच मोजलं. ०.३ ओहमच्या जागी मीटर वर चढत चढत ६० किलोओहमच्या पुढे गेला. काढलेला तुकडा सुटा मोजला तर आरपार शॉर्ट. हे सुटं मोजणं टाळू नका, शेजाऱ्याचा दोष याच्या माथी मारला नाही याची खात्री तिथेच होते.

नवा बसवला, पुन्हा मोजलं, अडॅप्टर लावला. दिवा लागलेलाच राहिला. जीव भांड्यात पडला.

पण बटण दाबल्यावर पंखा फिरला, स्क्रीन काळी, आणि कॅप्सलॉकचा दिवा लुकलुकायला लागला. आज इथेच थांबलो. दमलेल्या हाताने बोर्डावर काम करायचं नाही.

बुधवार, १७ जुलै

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी. खिचडी खाऊन बसलो.

कॅप्सलॉकचं लुकलुकणं ही यंत्राची तक्रार सांगायची पद्धत आहे. किती वेळा आणि कशा गटात, यावरून दोष कळतो. पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, तेव्हा आपल्याच मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल बघायची. या यंत्राच्या तक्त्यात ते मेमरीकडे बोट दाखवत होतं. रॅमची पट्टी काढली, तर सोनेरी पायांवर तीच साय, कनेक्टरवर होती तशी. आयपीए लावलेल्या सुती कापडाने पट्टी पुसली, स्लॉटमध्ये ब्रश फिरवला. खोडरबर वापरायची पद्धत आहे, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवीन दुखणं, म्हणून मी टाळतो. पट्टी तिरकी घालून दोन्ही बाजूंचे चाप टक् असे बसेपर्यंत दाबली.

सीमॉसची बॅटरी २.६ व्होल्टवर आली होती, ३ हवेत. बदलली.

बटण दाबलं. स्क्रीन काळी, पण या वेळी लुकलुकणं नाही. इथे हात आवरून धरला. मेमरी काढून घातली आणि सेटिंग पुसली गेली, की यंत्र पहिल्यांदा मेमरीची सगळी जुळणी नव्याने करतं. त्यात मिनिट-दोन मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. याच वेळी घाबरून बटण दाबून बंद करणारे पुष्कळ, आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून. मिनिटभराने कंपनीचं चिन्ह उमटलं.

लगेच निळा पडदा: बिटलॉकरची किल्ली द्या. आतलं काही बदललं असं वाटलं की यंत्र ती मागतं. फाइलमधला कागद काढला, ४८ आकडे टाकले, विंडोज उघडलं. तारीख जुनी दाखवत होती, ती आधी दुरुस्त केली, नाहीतर ब्राउझर प्रत्येक पानावर धोक्याचा इशारा देत राहतो.

शुक्रवार, १९ जुलै

लॅपटॉप दिवसभर चालू ठेवला होता. संध्याकाळी बहिणीचा फोन. ‘दादा, बातम्यांत दाखवतायत, सगळीकडे संगणक बंद पडलेत. हिचाही त्यातलाच होता का?’

नाही. आज एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरची विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली आहेत. त्यांना वीज मिळतेय, दिवे लागतायत, पडदा उजळतोय, अडलंय ते विंडोज चढताना. भाचीच्या यंत्राला वीजच मिळत नव्हती. ‘लॅपटॉप चालू होत नाही’ हे वाक्य दोन्हीला लागू पडतं, पण उपाय एकमेकांच्या जवळपासही नाहीत. तेव्हा आधी बघायचं ते हे: अडॅप्टरचा दिवा टिकतो का, पंखा फिरतो का, चिन्ह उमटतं का. जिथे गाडी थांबते तिथून काम सुरू करायचं. विंडोज नव्याने टाकून अडॅप्टरची वीज आत येत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. ऑफिसांतली कित्येक यंत्रंही आज दुरुस्तीसाठी बिटलॉकरची किल्ली मागत आहेत. ती कुठे आहे हे यंत्र चालू असतानाच बघून ठेवा, आजच.

रविवार, २१ जुलै (नेरूळ)

ठाण्याहून नेरूळ लोकलने लॅपटॉप पोचवला. दोन दिवस अडॅप्टरवर, बॅटरीवर, झाकण मिटून, उघडून, सगळं करून पाहिलं होतं. पिनजवळची जागा हाताला कोमटही लागत नाही. चार्जिंग होतंय, पण बॅटरी थकली आहे. विंडोजच्याच अहवालात मूळ क्षमता ४१,००० मिलिवॉट-तास, आता पूर्ण भरल्यावर २४,०००च्या आसपास.

खर्च: एन्क्लोजर ११५०, आयपीए २२०, कपॅसिटरची पट्टी ४०, सीमॉस बॅटरी ४०, फ्लक्स आणि टेप मिळून २६०. एकूण १७१० रुपये, प्रवास वेगळा. सप्लाय, हॉट एअर आणि मीटर घरचे किंवा मागून आणलेले. ते नसतील तर हे काम बोर्डाची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे द्यावं. मात्र देताना ‘अडॅप्टरच्या लाइनवर शॉर्ट आहे का, ते माझ्यासमोर मोजून दाखवा’ एवढं म्हणावं. मीटर लावायला दोन मिनिटं पुरतात, आणि जो लावायला तयार नाही त्याच्याकडे यंत्र ठेवू नये.

टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवलं. प्रबंधाची प्रत आता रोज रात्री एन्क्लोजरमधल्या दुसऱ्या डिस्कवर जाते, ती डिस्क माझ्याकडची जुनी होती. नवी बॅटरी प्रबंध दिल्यानंतर घ्यायची. मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवरून नको, जुन्या बॅटरीवर छापलेल्या पार्ट नंबरवरून मागवायची; एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या कनेक्टरच्या बॅटऱ्या येतात. तिचा फोटो भाचीला पाठवून ठेवलाय.